जोंगाचा जुना रंग उतरवताना पत्रा सांभाळायचा आणि आरोग्यही

जबलपूरच्या वाहन निर्माणीत १९६९ पासून सुमारे तीन दशके तयार झालेली ‘जोंगा’ ही लष्करी गाडी आता जुन्या वाहनांच्या संग्राहकांमध्ये मानाची मानली जाते. जपानच्या निसान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ या वाहनावर ती आधारित होती. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांनी २०१९ मध्ये जोंगा खरेदी केली, तेव्हा तिच्याकडे नव्याने लक्ष वेधले गेले. अशा गाडीच्या पुनरुज्जीवनातील पहिला मोठा टप्पा म्हणजे जुना रंग उतरवणे.

रंग का काढावा?

वर्षानुवर्षे चढवलेल्या रंगाच्या थरांखाली गंज आणि पुट्टीने बुजवलेले खड्डे दडलेले असतात. त्यावरच नवा रंग दिल्यास तो काही काळाने फुगतो व सुटतो. पत्र्यावर लोहचुंबक फिरवल्यास पुट्टीची जागा कळते, कारण जाड पुट्टीवर ते नीट चिकटत नाही. एखाद्या आडबाजूच्या जागी थर हळूहळू घासत गेल्यास कारखान्यातील मूळ रंगही हाती लागू शकतो.

पद्धती आणि मर्यादा

पॉलिश पेपरने घासणे ही सर्वांत सोपी, परंतु वेळखाऊ पद्धत आहे. रंग मऊ करणारे रसायन लवकर काम करते. मात्र ते सांध्यांत राहिल्यास नवा रंग धरत नाही. अशा अनेक रसायनांत वापरले जाणारे मिथिलीन क्लोराइड बंदिस्त जागेत प्राणघातक ठरू शकते. अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतांश वापरांवर बंदी घातली. दाबाच्या हवेने वाळूचा मारा केल्यास सपाट पत्रा वाकण्याचा धोका असतो आणि वाळूच्या सूक्ष्म धुळीमुळे सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य आजार जडतो. त्यामुळे पातळ पत्र्यासाठी खाण्याच्या सोड्याचा किंवा प्लॅस्टिकच्या कणांचा सौम्य मारा अधिक योग्य समजला जातो.

शिशाचा प्रश्न

जुन्या रंगांत व प्रायमरमध्ये शिशाची संयुगे असण्याची शक्यता असते. आपल्याकडे परिचित असलेला शेंदूर हेदेखील शिशाचेच ऑक्साइड असून गंजरोधक प्रायमरमध्ये त्याचा वापर होत असे. भारतात रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. परंतु ती घरगुती व सजावटीच्या रंगांपुरती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा विशेष दुष्परिणाम होतो.

म्हणूनच जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यासारख्या दाट वस्तीत घरासमोर, उघड्यावर कोरडे घासकाम करणे हा केवळ गाडीमालकाचा प्रश्न राहत नाही. धूळ शेजारच्या अंगणातही पोहोचते. रंग जाळून काढल्यास शिशाची विषारी वाफ निघते. पाणी वापरून घासणे, धूळरोधक श्वसनमुखवटा वापरणे, कामाचे कपडे वेगळे धुणे आणि निघालेला रंग गटारात न टाकता घातक कचरा म्हणून बंद डब्यात ठेवणे, ही किमान दक्षता आवश्यक आहे.

रंग निघाल्यानंतर उघडा पत्रा दमट हवेत काही तासांतच गंजू लागतो. त्यामुळे तो पूर्ण कोरडा करून लगेच इपॉक्सी प्रायमर द्यावा लागतो. साहजिकच हे काम पावसाळा टाळून करणे श्रेयस्कर ठरते.