शहराची सीमा

सांगलीहून मिरजेला जाणाऱ्या रस्त्याने तुम्ही कधी गेला आहात काय? पूर्वी सांगली आणि मिरज ही दोन निरनिराळ्या पटवर्धन संस्थानांची ठिकाणे होती. आज मात्र वाटेत घरे आणि दुकाने यांची रांगच लागते. सांगली कोठे संपली आणि मिरज कोठे सुरू झाली, हे प्रवाशाला सांगता येत नाही. मग येथील माणसे मोजावयाची असतील, तर शहराची सीमा कोणती धरावी?

जनगणनेच्या वेळी सरकारपुढे हाच प्रश्न उभा राहतो. त्यासाठी काही नियम ठरविलेले आहेत. जेथे महानगरपालिका किंवा नगरपालिका असते, ते ठिकाण शहर होय. जेथे ती नसते, तेथे तीन कसोट्या लावतात. वस्ती निदान ५,००० असावी. प्रामुख्याने कामधंदा करणाऱ्या पुरुषांपैकी निदान शेकडा ७५ शेतीबाहेरच्या उद्योगांत असावेत. आणि दर चौरस किलोमीटरमध्ये निदान ४०० माणसे राहत असावीत. या कसोट्यांना उतरणाऱ्या गावास 'जनगणना शहर' म्हणतात. एकमेकांस लागून वाढलेल्या शहरांचा मिळून 'नागरी समूह' होतो.

१९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली. जवळच्या माधवनगरचा कारभार ग्रामपंचायतीकडे राहिला. तरीही २०११ च्या जनगणनेत माधवनगर शहर ठरले आणि सांगली नागरी समूहात मोजले गेले. त्या समूहाची लोकसंख्या पाच लाखांहून थोडी अधिक भरली. आपल्या संविधानाप्रमाणे 'महानगर क्षेत्र' होण्यास निदान दहा लाख वस्ती लागते. म्हणजे सांगलीस महानगरपालिका आहे, पण ते महानगर क्षेत्र नव्हे!

ही केवळ शब्दांची कसरत आहे, असे समजू नका. साताऱ्याला लागून असलेल्या शाहूपुरीत घरे शहरासारखी दाटली, पण कारभार ग्रामपंचायतीचाच होता. दाट वस्तीला पाणी, गटारे, दिवे हे सारे शहराप्रमाणेच लागते. ग्रामपंचायतीचे उत्पन्न मात्र बेताचे असते. २०२० साली साताऱ्याची हद्द वाढली, तेव्हा शाहूपुरी नगरपालिकेत आली.

घरे वाढताना नकाशावरील रेषेची वाट पाहत नाहीत. म्हणूनच ती रेषा वेळोवेळी तपासावी लागते. माणसे कोठे आणि किती राहतात हे नीट कळले, तरच त्यांच्या गरजा पुऱ्या करण्याची योजना आखता येते.