इसार दिला म्हणजे घर आपलं झालं का?



घरासाठी कर्ज मागणाऱ्या ताईंना मी आधी विचारते, "व्यवहार कागदावर आहे ना?" बऱ्याचदा उत्तर येतं, "इसार दिलाय की, शब्दाचे पक्के आहेत ते." इथंच घोळ होतो.

समजा, ६ लाखांना घर ठरलं. तुम्ही ५० हजार इसार दिला. महिन्याभरात दुसऱ्यानं साडेसहा लाख देऊ केले आणि मालकानं त्याला खरेदीखत करून दिलं. घर गेलं, बिनपावतीचा इसारही अडकला. गटाचा हप्ता मात्र सुरूच!

असं का होतं? मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या विक्रीच्या करारानं घरावर हक्क तयार होत नाही. मालकी बदलते ती नोंदणी केलेल्या खरेदीखतानं. म्हणून एवढं कराच:

१. आधी मिळकत पत्रिका किंवा सातबारा बघा. नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. वारस असतील तर सगळ्यांच्या सह्या हव्यात.

२. इसार बँकेतून द्या. पावतीवर घराचं वर्णन, ठरलेली किंमत, खरेदीची मुदत आणि व्यवहार मोडला तर पैसे परत कधी, हे लिहून घ्या.

३. रक्कम मोठी असेल तर साठेखत करून दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा. मग नंतर घेणाऱ्याला "मला माहीतच नव्हतं" म्हणणं अवघड जातं.

४. बाकी पैशांची सोय आधीच बघून ठेवा. कोर्टात गेलं तरी 'मी पैसे द्यायला तयार होते' हे आपल्यालाच दाखवावं लागतं.

मालक फिरलाच, तर भांडत बसू नका. वकिलामार्फत नोटीस द्या. दाव्याची मुदत ३ वर्षं असते, पण उशीर करू नका, कारण वेळ गेली की आपली बाजू कमजोर होते. तालुका विधी सेवा समितीकडे महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

आणि दुसऱ्यानं भाव वाढवला म्हणून ईर्षेनं आपण वाढवू नये. झेपेल तो आकडा घरात बसून आधीच ठरवा. घर दुसरं मिळेल, पण न झेपणारं कर्ज वर्षानुवर्षं फेडावं लागतं.

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. कुणाचा व्यवहार चालू असेल, तर ताई, पैसे देण्याआधी कागद घेऊन या. आपण मिळून बघू.