पंधरा तारखेचा काउंटर

सव्वाअकरा वाजलेत. तालुक्याच्या पोस्टाच्या दोन्ही पायऱ्यांवर ओल्या छत्र्या आडव्या पडल्या आहेत. आत काउंटर तीन, पण माणूस एकाच काउंटरवर. जुलैची १५ तारीख. ज्यांची आरडी महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलेली, त्यांचा हप्ता भरायचा हा शेवटचा दिवस. सोळानंतर उघडलेल्यांना महिनाअखेरपर्यंत मुभा, त्यामुळे ती मंडळी आज इकडे फिरकलेली नाहीत. तरीही रांग दारापर्यंत आहे, आणि मी आईचं पासबुक भरून घ्यायला त्या रांगेच्या शेपटाला उभा आहे.

रांगेत नसलेली एकच व्यक्ती आहे, एजंट काकू. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट. भिंतीलगतच्या बाकावर त्यांनी कापडी पिशवी पालथी केलीय आणि रबर लावलेले पासबुकांचे गठ्ठे गल्लीवार मांडलेत: कुंभार गल्ली, मळा, स्टँडमागचे. घरून पोर्टलवर लिस्ट करून तिची प्रिंट आणलीय. वर संदर्भ क्रमांक, खाली खाती आणि रकमा. पाचशेच्या नोटा एका हाताने मोजतायत आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला. ‘‘अगं, तुझं राह्यलंय. आजचा दिवस गेला की शंभराला रुपया दंड. हजाराच्या खात्याला दहा रुपये. मी कशाला भरू?’’ फोन ठेवतात आणि स्वतःच्या पर्समधून हजार काढून लिस्टमधल्या रकमेत घालतात. सरकार त्यांना हप्त्यावर चार टक्के कमिशन देतं. हजाराला चाळीस. त्यात गल्लीगल्लीतली पायपीट आली आणि अशी उसनवारीही.

नियम असा, की एजंटच्या हाती पैसे दिले की आपल्या कार्डावर लगेच त्यांची सही घ्यायची. इथे कार्डंही काकूंच्याच पिशवीत आहेत. लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे आणि तो खोटा नाही, हे मला माहीत आहे. तरी कार्ड घरी असलेलं बरं.

‘‘सिस्टीम स्लो आहे,’’ काउंटरवरचा कारकून कोणीही न विचारता जाहीर करतो. पंचविशीचा असेल. खिडकीपुढच्या शेतकऱ्याला आरडी मोडायचीय, खताला पैसे हवेत. हजाराचे चोवीस हप्ते झालेत.

‘‘तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही, काका. कर्ज मिळेल. भरलेल्याच्या निम्मं, बारा हजारांपर्यंत.’’

‘‘आन् व्याज?’’

‘‘आरडीचा दर आणि वर दोन टक्के. तुमच्या खात्याला ६.७ आहे, म्हणजे ८.७.’’

‘‘माझ्याच पैशावर मलाच व्याज?’’

रांग हसते. काका हसत नाहीत, पण फॉर्म मागून घेतात. सावकाराचा दर त्यांना ठाऊक असणार.

पुढचा तरुण घाईत आहे. साठही हप्ते भरून झालेत, खातं परवा, १७ तारखेला पूर्ण होतंय. त्याला पैसे आजच हवेत. दोन दिवसांनी काय बिघडतं, असा त्याचा सूर. कारकून मान वर न करता सांगतो, मुदतीआधी एक दिवस जरी काढले तरी बचत खात्याचा दर लागतो, चार टक्के, तोही सुरुवातीपासून. हजाराच्या खात्यावर तीन हजारांहून जास्त फटका. तरुण स्लिपची घडी करून खिशात घालतो आणि बाहेर पडतो.

आता खिडकीशी एक मावशी येतात. हिरवं इरकल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. मागे कॉलेजवयाची लेक, सगळं लक्ष फोनच्या घड्याळात. तिची नर्सिंगची प्रवेश फी आज पाचच्या आत कॉलेजच्या खात्यावर पडायला हवी. पंचेचाळीस हजार.

मावशींची आरडी आठ तारखेला पूर्ण झालीय. महिना हजार, साठ महिने. कारकून आकडा वाचतो, ‘‘एकोणसत्तर हजार सहाशे सत्त्याण्णव.’’

मावशी मान हलवत नाहीत. ‘‘वैनी तर एकाहत्तर हजार तीनशे म्हनल्या व्हत्या.’’

बाकावरून काकू ओरडतात, ‘‘ते आता उघडणाऱ्यांचं, मावशी! तुमचं खातं उघडलं तेव्हा दर ५.८ होता. पहिल्या दिवशीचा दर पाच वर्षं तसाच राहतो.’’

‘‘वाढला तरी?’’

‘‘वाढला तरी. अन् उतरला तरी.’’

हे शेवटचं मावशींना पटतं. फॉर्मवर सही होते. एकेक अक्षर स्वतंत्रपणे ठेवल्यासारखी, रेघेच्या वर. खरी अडचण त्यानंतर येते. वीस हजार किंवा त्याहून मोठी रक्कम मुदत संपली म्हणून रोख हातात ठेवता येत नाही, ती बचत खात्यात जमा करायची किंवा चेकने द्यायची. मावशींचं बचत खातं याच पोस्टात आहे. कारकून क्रमांक टाकतो आणि स्क्रीन बघून ओठ दुमडतो.

‘‘सायलेंट आहे.’’

लेक दचकते. ‘‘म्हणजे बंद?’’

‘‘बंद नाही. तीन वर्षं काही भरलं नाही, काढलं नाही, म्हणून झोपलंय. पाचशेच्या वर शिल्लक होती म्हणून तगलं, नाहीतर दर मार्चला पन्नास पन्नास कापत संपलं असतं. आधार, पॅन, फोटो, अर्ज.’’

लेक पावसात समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पळते. मावशी खिडकी सोडत नाहीत. गजाला धरून उभ्या आहेत, आपली जागा कोणी घेईल म्हणून. मागचे लोक कुरकुरतात, मग गप्प होतात. साठ महिने दर महिन्याला हजार रुपये देताना या बाईला कोणी एक कागद मागितला नव्हता. आज तिचेच पैसे तिला द्यायचे तर तिची ओळख नव्याने लागतेय. मला याचा राग येतो. आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं, हे विचारलं नसतं तर गजाशी उद्या दुसरीच कोणी बाई उभी राहिली असती.

झेरॉक्स येतात. पॅनवरचं नाव माहेरचं नाही, आधारशी जुळतंय. एवढ्यावर कारकुनाचा चेहरा सैल होतो. कागद आत जातात. इथे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची. पोस्टमास्तर आतल्या टेबलावर डब्यातली भाकरी मोडतायत. ते हात धुतात, चष्मा लावतात, प्रत्येक कागद उलटून पाहतात, मग आपल्या लॉगिनमधून खातं जागं करतात. त्यानंतर आरडी बंद होऊन रक्कम बचत खात्यात पडायला जो वेळ लागतो, तो मोजण्यासारखाही नाही. कारकून एक कळ दाबतो, मास्तर आत एक. कागदांना मात्र दोन तास लागलेत.

‘‘आता फी,’’ लेक म्हणते.

‘‘एनईएफटी करू. पाच रुपये नव्वद पैसे लागतील.’’

‘‘लगेच जातील?’’

‘‘दर अर्ध्या तासाला गाडी सुटते. पुढच्या गाडीत बसतील.’’ हे वाक्य त्याने बहुतेक रोज वापरून गुळगुळीत केलंय. पण खरं आहे. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालते, सुट्टीच्या दिवशीही. पोस्ट तिच्यात आलं २०२२ च्या मे महिन्यात, आणि तेव्हापासून देशातल्या सगळ्या पोस्टांना मिळून एकच आयएफएससी आहे. लेक कॉलेजचा खाते क्रमांक वाचते, कारकून परत वाचतो, मावशी दोघांच्या तोंडाकडे बघतात.

उरलेल्यातले वीस हजार मावशींना रोख हवेत. कारकून गल्ला उघडतो, बंद करतो. सब पोस्टात रोकड फार ठेवत नाहीत. ‘‘काकू, तुमची लिस्ट द्या आधी.’’ काकू नोटांचा गठ्ठा खिडकीतून आत सरकवतात. मशीन फडफडतं. कुंभार गल्लीचे, मळ्याचे, स्टँडमागचे हप्ते जमा होतात आणि त्याच गठ्ठ्यातल्या चाळीस नोटा मावशींसमोर येतात. मावशी त्या तिथेच दोनदा मोजतात. एक फाटकी निघते, ती परत करतात. ती काकूंचीच, काकू दुसरीकडे बघतात.

बाकावर मायलेकी बसून आहेत. माझं पासबुक अजून काउंटरवरच्या ढिगात. तीन वाजून गेलेत. लेक फोन खाली-वर करते, कॉलेजच्या ऑफिसला लावते, उचलत नाहीत, पुन्हा लावते. तीन वाजून बावीस मिनिटांनी तिकडून कोणीतरी बोलतं. ‘‘आले? नक्की आले ना? पावती मेलवर?’’ ती उठून उभी राहते. ‘‘आई, आले. चल, साडेतीनची एसटी मिळंल.’’

मावशी उठतात, पण दाराकडे नाही, खिडकीकडे जातात. पासबुक गजातून आत.

‘‘एंट्री मारून द्या.’’

‘‘मावशी, प्रिंटर बंद आहे सकाळपासून. उद्या या.’’ ढिगाकडे बघून मलाही हे उत्तर मिळाल्यासारखंच आहे.

‘‘आई, पैसे पोचलेत तिकडं. मेसेज आलाय तुझ्या फोनवर.’’

‘‘मेसेजला काय शिक्का असतोय?’’

कारकून मास्तरांकडे बघतो. मास्तर डब्याचं झाकण लावत म्हणतात, ‘‘हाताने लिही रे. मी सही करतो.’’

लेक कपाळावर हात मारते आणि बसची वेळ पुन्हा बघते. कारकून निळ्या पेनाने तारीख घालतो, रक्कम लिहितो, शिक्का शाईत दाबतो. मावशी बोट ठेवून शिल्लक वाचतात, मग मागे वळून काकूंना विचारतात, ‘‘वैनी, ते आताचं ६.७ म्हनलासा, ते पाचशेचं बी काढता येतंय का?’’

‘‘शंभरापासनं येतंय. पण आधी एसटी गाठा.’’