चुकणाऱ्या विवेकाचा अधिकार

ऑस्ट्रियातल्या लिंझ धर्मप्रांताचे बिशप योसेफ फ्लीसर यांच्यापुढे १९४६ साली छापण्यासाठी एक लेख आला. विषय होता फ्रान्झ येगरश्टेटर, सांक्ट राडेगुंड या लहानशा गावचा शेतकरी आणि तिथल्या चर्चचा सेवक. हिटलरच्या सैन्यात लढायला त्याने नकार दिला, म्हणून ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला होता. बिशपांनी लेख छापू दिला नाही. खरे आदर्श म्हणजे कर्तव्य समजून रणांगणावर गेलेले आणि तिथे मेलेले कॅथलिक तरुण, असे त्यांचे मत होते. येगरश्टेटरची सदसद्विवेकबुद्धी प्रामाणिक होती पण चुकलेली होती. त्याच्याबद्दल आश्चर्य वाटावे, त्याचे अनुकरण करू नये, असा त्यांनी निवाडा दिला.

बिशप हे रागाच्या भरात बोलले नव्हते. ‘चुकलेली सदसद्विवेकबुद्धी’ हा कॅथलिक नीतिशास्त्रातला शतकानुशतके चर्चिला गेलेला विषय आहे आणि बिशप शास्त्राला धरूनच बोलत होते. म्हणून तर हे प्रकरण मला इतके महत्त्वाचे वाटते. विवेक, नैतिक नियम आणि पाप यांविषयीची चर्चची सगळी शिकवण या एका शेतकऱ्यापाशी येऊन कसाला लागते.

येगरश्टेटर जन्मजात संत नव्हता. १९०७ साली अविवाहित आईच्या पोटी त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो मोटरसायकलवरून गावभर हिंडे, मारामाऱ्याही करी. लग्नाआधी त्याला एक मुलगी झाली होती. १९३६ साली फ्रान्झिस्काशी लग्न झाले आणि तो श्रद्धेकडे गंभीरपणे वळला. एप्रिल १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्यावर मतदान झाले. देशाच्या बिशपांनी होकार द्यायला सांगितले होते. गावात नकाराचे मत देणारा हा एकटाच. पुढे सैन्यात बोलावणे आले, तेव्हा त्याने गावच्या धर्मगुरूंना विचारले, बिशपांचीही भेट घेतली. घरी तीन लहान मुली आहेत, कुटुंबाची जबाबदारी पाहा, युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणे सामान्य नागरिकाचे काम नव्हे, असा सल्ला त्याला मिळत गेला. मार्च १९४३ मध्ये एन्सच्या छावणीत हजर होऊन त्याने लढायला नकार कळवला. जखमींची सेवा करायला तो तयार होता, पण ती तयारी कोणी मानली नाही. तुरुंगातल्या धर्मगुरूने त्याला सांगितले की, फ्रान्झ रायनिश नावाच्या एका धर्मगुरूनेही हिटलरची शपथ नाकारून वर्षभरापूर्वी मरण पत्करले आहे. तेव्हा कुठे त्याला आपण अगदीच एकटे नाही असा धीर आला.

तेव्हा प्रश्न असा की, श्रद्धावान माणसाला त्याचा विवेक एक सांगतो आणि त्याचा बिशप दुसरे सांगतो, तेव्हा त्याने काय करावे?

याचे बीज पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. मोशेचे नियमशास्त्र ज्यांना कधी मिळालेच नाही, त्यांच्याही हृदयावर त्या शास्त्राचा सार लिहिलेला असतो आणि त्यांचा विवेक त्याची साक्ष देतो, असे पौल म्हणतो. म्हणजे नीती ही एका धर्माची मिरास राहत नाही. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये शिकवणारे डॉमिनिकन पंथाचे संत थॉमस अक्वायनस यांनी या बीजाची रीतसर मांडणी केली. चांगले करावे आणि वाईट टाळावे ही मूळ जाण माणसाच्या बुद्धीतून कधीच पुसली जात नाही. तिच्या आधाराने आपण आयुष्य, कुटुंब, सत्य आणि समाज यांविषयीचे नियम शोधतो. तो नैसर्गिक नीतिनियम. आणि या क्षणी, या परिस्थितीत, मी हे करावे की करू नये असा जो निवाडा बुद्धी देते, तो विवेक. विवेक म्हणजे भावना नव्हे, मनाला वाटेल ते नव्हे. तो विचारपूर्वक दिलेला निकाल आहे. निकाल म्हटला की चूक आलीच.

मग चुकलेल्या विवेकाचे ऐकावे का? थॉमस यांच्याआधी पीटर लोंबार्ड यांच्यासारख्या मान्यवर पंडितांचा कल चर्चची आज्ञा पाळण्याच्या बाजूने होता. थॉमस यांनी उलट उत्तर दिले. विवेक चुकलेला असला तरी बंधनकारक आहे, कारण माणसाला ते सत्य म्हणूनच दिसत असते. त्याच्या विरुद्ध वागणे म्हणजे आपल्याला जे वाईट दिसते तेच जाणूनबुजून निवडणे. त्यासाठी त्यांनी घेतलेले उदाहरण आजही अंगावर येते. ख्रिस्तावर विश्वास ठेवणे ही मुळात चांगलीच गोष्ट; पण एखाद्याच्या बुद्धीला प्रामाणिकपणे ती वाईट दिसत असेल, तर तसा विश्वास ठेवण्यात त्याला पाप लागेल. चर्चच्या सर्वांत मान्य आचार्याने हे लिहून ठेवले आहे. विवेकाविरुद्ध वागण्यापेक्षा बहिष्कृत अवस्थेत मेलेले बरे, असेही त्यांनी तरुणपणीच्या एका भाष्यात म्हटले.

याच शिकवणीचा दुसरा भाग लोक सोयीने विसरतात. चुकलेला विवेक बांधतो, पण दर वेळी दोषमुक्त करतोच असे नाही. जे कळायला हवे होते ते आळसाने, स्वार्थाने किंवा सवयीने कळून घेतले नसेल, तर त्या अज्ञानाची जबाबदारी माणसावरच येते. वारंवार केलेल्या पापाने विवेक आंधळा होत जातो, अशीही चर्चची शिकवण आहे. त्यामुळे विवेक घडवणे, म्हणजे शास्त्र वाचणे, प्रार्थना करणे, जाणत्यांचा सल्ला घेणे आणि चर्चची शिकवण मनापासून समजून घेणे, हेही कर्तव्यच ठरते. येगरश्टेटरने हे सगळे केले होते. त्याच्या वह्या आणि पत्रे वाचणाऱ्याला हट्टी माणूस भेटत नाही. शास्त्र उघडून स्वतःला पुन्हा पुन्हा तपासणारा माणूस भेटतो.

थॉमस यांचे हे पान गोव्याच्या इतिहासाशेजारी ठेवले की मन अस्वस्थ होते. १५४६ साली फ्रान्सिस झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, मागितले. ते १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. ज्यू वंशाचे नवख्रिस्ती आणि धर्मांतरानंतरही जुने आचार जपणारे स्थानिक लोक त्याच्या तावडीत सापडले. शार्ल देलों या फ्रेंच वैद्याने तिथली कैद भोगून १६८७ साली आपला अनुभव छापला, तेव्हा कुठे युरोपला त्या कोठड्यांची कल्पना आली. याच गोव्यात, इन्क्विझिशन चालू असतानाच, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट मराठी ओव्यांतून आदामाचे पतन आणि ख्रिस्ताचे तारण सांगत होता. त्याचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. एकच चर्च एका हाताने लोकांच्या भाषेतून त्यांच्या अंतःकरणाशी बोलत होते आणि दुसऱ्या हाताने त्याच अंतःकरणावर पहारा बसवत होते. तो काळच तसा होता, असे म्हणून मला हे बाजूला सारता येत नाही, कारण थॉमस यांचे पान त्या काळाच्याही तीनशे वर्षे आधीचे आहे.

पापाची शिकवण विवेकाच्याच पोटात आहे. नियम मोडला की पाप झाले, इतके ते सोपे नाही. ज्याने देवाशी असलेले नातेच तुटते असे घातक पाप घडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: विषय गंभीर असावा, तो गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असावी आणि मनाची मोकळी संमती असावी. यातली एकही कमी पडली तर दोष हलका होतो. भीती, व्यसन, दडपण, आजार यांचा विचार करायला इथे जागा आहे. संत ऑगस्टीन यांनी पोरवयात मित्रांबरोबर शेजारच्या बागेतून नासपती चोरल्या. भूक नव्हती, फळेही फारशी चांगली नव्हती. त्यांनी ती डुकरांपुढे टाकली. विषय क्षुल्लक, तरी ते त्यावर आत्मचरित्राची कितीतरी पाने खर्च करतात. वाईट आहे म्हणूनच ते हवेसे वाटले, हे त्यांना आतून हलवून गेले होते. १९७० च्या नव्या मिस्सा-ग्रंथात सामुदायिक पापकबुलीच्या प्रार्थनेत विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला टाळलेल्या कर्तव्याचाही उल्लेख आला. त्या प्रार्थनेतला हा छोटा बदल मला फार मोलाचा वाटतो.

वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे असा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेने केला. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई अशी पश्चात्तापी माणसाच्या वाट्याची तीन अंगे पक्की केली. चोरलेले परत करावे लागते, कुणाची बदनामी केली असेल तर त्याचे नाव पुन्हा उजळावे लागते. पुढच्या दोन शतकांत धर्मगुरूंसाठी प्रकरणवार ग्रंथ निघाले आणि त्यांतून पळवाटांचे शास्त्रच तयार झाले. फ्रेंच विचारवंत पास्कालने त्यावर कडक टीका केली. नेपल्सकडचे संत आल्फोन्सो लिगोरी यांनी नंतर कठोरपणा आणि सैलपणा यांच्यामधली वाट काढली. कबुली ऐकणारा आधी वैद्य आणि बाप असावा, हा त्यांचा आग्रह होता.

एकोणिसाव्या शतकात वाद वेगळ्या बाजूने पेटला. १८७० मध्ये पोपच्या अचूकतेचा सिद्धांत जाहीर झाला आणि आता कॅथलिक माणूस देशाशी निष्ठावान कसा राहील, असा सवाल ब्रिटिश राजकारणी ग्लॅडस्टन यांनी केला. इंग्रज कॅथलिक धर्मगुरू जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७५ मध्ये ड्यूक ऑफ नॉर्फक यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात उत्तर दिले. भोजनप्रसंगी धर्माच्या नावाने पेला उंचवायचाच झाला तर आपण पोपसाठी जरूर उंचवू, पण आधी विवेकासाठी, असा त्याचा आशय. हे वाक्य पुष्कळांना पाठ असते. त्याच पत्रात न्यूमन आपल्या काळाला सुनावतात की, लोक ज्याला विवेक म्हणतात ती बहुधा स्वतःची मर्जी असते. खरा विवेक हक्क मागण्याआधी कर्तव्य मागतो. येगरश्टेटरकडे पाहताना मला हीच कसोटी उपयोगी पडते. त्याच्या विवेकाने दुसऱ्या कोणाचे काही हिरावले नाही. किंमत त्याने आणि त्याच्या घराने मोजली. फ्रान्झिस्काला युद्धानंतर कित्येक वर्षे विधवेचे निवृत्तिवेतनही नाकारले गेले.

येगरश्टेटरचे नाव दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत पोहोचले, त्यात मुंबईचा वाटा आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गॉर्डन झान यांनी १९६४ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिले. मुंबईचे माजी आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी परिषदेपुढच्या आपल्या निवेदनात हाच शेतकरी उभा केला. रॉबर्ट्स इंग्रज जेझुइट होते. मुंबईचे धर्मपीठ भारतीय माणसाच्या हाती जावे म्हणून ते स्वतः बाजूला झाले आणि १९५० मध्ये तिथे व्हॅलेरियन ग्रेशस आले. धर्माधिकाराच्या वापराबद्दल आणि गैरवापराबद्दल रॉबर्ट्स यांनी पुढे पुस्तकही लिहिले. युद्धाला विवेकाने नकार देणाऱ्याच्या बाजूने चर्चने बोलावे, ही त्यांची मागणी होती. ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगाविषयीचा दस्तऐवज मंजूर झाला. त्यात विवेक हे माणसाचे सर्वांत गुप्त अंतरंग मानले आहे, जिथे तो देवासमोर एकटा असतो. शस्त्र घ्यायला नकार देणाऱ्यांसाठी कायद्यांनी माणुसकीची तरतूद करावी, असेही त्यात म्हटले आहे. धर्मस्वातंत्र्याची घोषणाही त्याच दिवशी झाली. गोव्यातले इन्क्विझिशन संपल्याला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती.

तीन वर्षे होण्याआधीच परिषदेच्या त्या शब्दांची परीक्षा झाली. पोप सहावे पॉल यांनी २५ जुलै १९६८ च्या परिपत्रकात कृत्रिम संततिनियमनावरची बंदी कायम ठेवली. त्यांच्याच आयोगातल्या बहुमताचा कौल बदलाकडे होता. कॅनडाच्या आणि जर्मनीच्या बिशपांनी विचारांती वेगळ्या निर्णयावर येणाऱ्या जोडप्यांच्या विवेकासाठी जागा ठेवली. पोप दुसरे जॉन पॉल यांना त्यात घसरण दिसली. काही कृत्ये हेतू किंवा परिस्थिती काहीही असली तरी वाईटच असतात आणि विवेक नियम घडवत नाही, तो सत्य ओळखतो, असे त्यांनी १९९३ च्या परिपत्रकात ठासून सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावर लिहिताना धर्मगुरूंना आठवण करून दिली की, लोकांचा विवेक घडवणे हे आपले काम, त्याची जागा घेणे नव्हे. चार कार्डिनलांनी त्यावर जाहीर शंका विचारल्या. मला जॉन पॉल यांची चिंता खोटी वाटत नाही. ज्यू मुलांना गाडीत भरणाऱ्यालाही आपण कर्तव्य करतो असे वाटत होते. पण शयनगृहातल्या निर्णयाबाबत इतका काटेकोर असलेला अधिकार १९४३ मध्ये युद्धाबाबत शेतकऱ्याला ‘ते ठरवणे तुझे काम नाही’ असे म्हणाला, ही विसंगती डोळ्याआड करता येत नाही.

गेल्या अर्धशतकात पापाची व्याप्ती व्यक्तीपलीकडे गेली. अन्याय्य व्यवस्था अनेकांच्या वैयक्तिक पापांतून उभ्या राहतात आणि मग पुढच्यांना पापात ओढतात, असे जॉन पॉल यांनी १९८७ मध्ये लिहिले. २०१५ मध्ये फ्रान्सिस यांनी नदी, जंगल, हवा यांचा नाशही पापाच्या हिशेबात घेतला. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच्या कितीतरी आधीपासून पाणी आणि जमिनीसाठी रस्त्यावर उतरत होते. त्यांच्यासाठी ते मिस्सेच्या वेदीपासून वेगळे काम नव्हते.

येगरश्टेटरवरचा मृत्युदंडाचा निकाल बर्लिनच्या न्यायालयाने १९९७ मध्ये रद्द केला. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्याच कॅथेड्रलमध्ये, चौऱ्याण्णव वर्षांच्या फ्रान्झिस्कादेखत, चर्चने त्याला धन्य घोषित केले. त्याचा विवेक चुकलेला होता, हे कोणी परत म्हटले नाही.

चर्चने स्वतःच्या पापांची कबुलीही दिली आहे. १२ मार्च २००० रोजी जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीबद्दल देवाची क्षमा मागितली. १ ऑक्टोबर २०२४ रोजी सेंट पीटर्समध्ये काही कार्डिनलांनी एकेका पापाबद्दल क्षमा मागितली. मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशस यांच्या वाट्याला शांततेविरुद्धचे पाप होते आणि दुसऱ्या एकाने बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांचे पाप उच्चारले. ट्रेंटच्या हिशेबाने पश्चात्ताप आणि कबुली झाली, भरपाई उरते. अत्याचाराच्या प्रकरणांवरचे व्हॅटिकनचे गोपनीयतेचे कुलूप डिसेंबर २०१९ मध्ये काढले गेले. कबुलीतले गुपित तसेच राहिले, ते राहायला हवेच. पण धर्मप्रांतांच्या कपाटांतली जुनी कागदपत्रे पीडितांच्या हाती देणे, त्यांना नुकसानभरपाई देणे आणि तक्रारी दाबणाऱ्या बिशपांना जाब विचारणे ही कामे देशोदेशी अजून अर्धी पडली आहेत. कॅथलिकांना लहानपणी शिकवलेल्या नियमानुसार तोवर हे प्रायश्चित्त पुरे होत नाही.