माती फोडायची की मोकळी करायची?

वसईच्या वाडीत कुदळ, फावडे, पहार आणि खुरपे ही जुनी मंडळी. बागेचा फोर्क त्यामानाने नवखा. चार सरळ दात, वर लाकडी दांडा आणि टोकाला मूठ. दाताळ्याशी त्याची गल्लत करू नये. दाताळे पालापाचोळा ओढते. फोर्कचे दात सरळ खाली जाऊन माती मोकळी करतात.

फावडे असताना हा कशाला, असे कोणी विचारील. फावड्याचे पाते मातीबरोबर मूळही कापते आणि गांडूळही. केळीची बरीचशी मुळे तर वरच्या हातभर मातीतच पसरलेली असतात. फोर्कच्या दातांमधून ती बरीच वाचतात. ज्या गांडुळांच्या कामावर डार्विनने १८८१ साली आख्खे पुस्तक लिहिले, ती वाचवणे म्हणजे बिनपगारी गडी राखणेच.

घेताना रंगाला भुलू नका. दात घडीव पोलादाचे हवेत. पत्र्याचे दात दगड लागताच वाकतात. दांडा लोखंडात बसतो तो सांधा पक्का आहे ना, हे हलवून पाहा. फोर्क उभा केल्यावर मूठ कमरेच्या थोडी वर यावी. दांडा आखूड असला तर पाठ बोलू लागते. किनाऱ्याकडच्या रेताड वाडीत हलका फोर्क चालतो, तुंगारेश्वरच्या बाजूच्या दगडगोट्यांत जाड दातांचाच घ्यावा.

आता वापर. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला, तर वापसा आला असे समजा. चिखलात फोर्क घातला तर माती मोकळी होण्याऐवजी थापली जाते. दात उभे रोवून पायाने दाबा, दांडा मागे झुकवा, माती हलली की पुरे. मग वीतभर मागे सरका, म्हणजे मोकळी केलेली माती तुडवली जात नाही. मोठा दगड उचकटायला पहार आहे. फोर्कला तिथे राबवू नका. काम झाले की दात धुऊन, पुसून त्यांवर तेलाचे बोट फिरवा. आपल्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते.

वाडी नाही, इमारतीत राहतो, असे म्हणून हा विषय सोडू नका. इमारतींभोवतीची माती ट्रकांनी आणि पावलांनी दगडासारखी झाली आहे. पाऊस तिच्यावरून घसरून गटारात जातो. विहिरींच्या पाण्यावर वाड्या फुलवलेल्या या गावांत, अंगणातल्या झाडाभोवतीची चार हात माती मोकळी केली, तर तेवढे तरी पाणी जमिनीत मुरेल.