माणूस कधी कमी करावा?

वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत नोकरभरतीवर एक प्रकरण असते, निवडीवर असते, प्रशिक्षणावरही असते. नोकराला कमी कधी करावे, या प्रश्नाच्या वाट्याला मात्र एखादाच परिच्छेद येतो, आणि तोही मोठ्या कंपनीला धरून लिहिलेला असतो. जेथे कार्मिक विभाग आहे, कामगार संघटना आहे, तेथे हा निर्णय एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत जातो. आपल्या बेळगावात उद्यमबागेत किंवा शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून पाच-सात माणसांवर चालणारे जे उद्योग आहेत, तेथील गोष्ट निराळी. मालक आणि कामगार एकाच किटलीतला चहा पितात. मालकाच्या मुलीच्या लग्नात कामगाराने पंगत वाढलेली असते, कामगाराच्या आईच्या आजारपणात मालकाने उचल दिलेली असते. अशा ठिकाणी "उद्यापासून येऊ नकोस" एवढे तीन शब्द तोंडातून निघत नाहीत.

अशा छोट्या कारखान्यांचे व दुकानांचे हिशेब लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. हजेरीपत्रक आणि पगारपत्रक माझ्यासमोर येते, त्यामागोमाग हा प्रश्नही येतो. आपल्या महाविद्यालयातील काही विद्यार्थी उद्या वडिलांच्या गादीवर बसतील आणि त्याहून अधिक दुसऱ्याच्या हाताखाली काम धरतील. दोघांनाही यातील काही गोष्टी ठाऊक असाव्यात, म्हणून हे टिपण.

मालक माझ्याकडे येतात तेव्हा निर्णय बहुधा रागात झालेला असतो. पुण्याहून माल परत आला, गिऱ्हाईक फोनवर वाटेल ते बोलले, आणि समोर जो होता त्याच्यावर खापर फुटले. अशा वेळी मी एकच विचारतो : काम बिघडते आहे हे खरे, पण ते माणसामुळे की आणखी कशामुळे? प्रश्न साधा वाटतो. उत्तर काढणे साधे नाही.

एका मशीनशॉपमधील गोष्ट सांगतो. आठ माणसांचा कारखाना. सोळा वर्षे लेथवर असलेल्या ऑपरेटरच्या हातून नग बाद होऊ लागले. पूर्वी शंभरात दोन-तीन जात, ते आठ-नऊवर गेले. मालकाने त्याला काढायचे ठरवले होते. लेथवर नग बाद होण्याची कारणे पुष्कळ असतात. टूलची धार गेलेली असते, चकमध्ये जॉब नीट केंद्रात बसत नाही, मायक्रोमीटर बंद असता शून्यावर येत नाही, किंवा ओतकामातच आत पोकळी राहिलेली असते व ती कापल्यावर उघडी पडते. यांपैकी प्रत्येकाचा दोष ऑपरेटरकडे जातोच असे नाही. म्हणून आम्ही दोन आठवड्यांपुरती अदलाबदल केली. त्याला शेजारच्या मशीनवर घातले आणि शेजारच्याला त्याच्या मशीनवर. बाद नग जुन्या मशीनवरच राहिले असते तर दोष मशीनचा होता. ते माणसाबरोबर नव्या मशीनवर गेले.

म्हणजे दोष माणसाचा ठरला. पुष्कळ मालक येथेच थांबतात. या मालकाने आणखी एक गोष्ट पाहिली. नग सकाळी कमी आणि दिवेलागणीनंतर जास्त जात होते. त्याने संध्याकाळी उभे राहून पाहिले, तर गृहस्थ व्हर्निअर हात लांब करून वाचत होते. वय पंचेचाळीस. व्हर्निअरवर ०.०२ मिलिमीटरच्या रेघा जुळवायच्या असतात, आणि चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होत जाते हे कोणीही सांगेल. विचारल्यावर ते म्हणाले, "मालक, चष्मा लावला तर मशीनवरून काढतील म्हणून भ्यालो." चाळशी आली, दिवा बदलला, आणि ऑपरेटर अजून त्या कारखान्यात आहेत. सोळा वर्षांचा हात गमावून मालकाने नवा पोरगा धरला असता, तर वर्षभर किती नग बाद गेले असते याचा हिशेब मी त्यांना नंतर मांडून दाखवला. तो येथे देत नाही.

तेव्हा माणसाला माहीत नाही, त्याला जमत नाही, की त्याला करायचे नाही, हे आधी वेगळे करावे लागते. आपल्या भागात पहिले कारण फार वेळा आढळते. फोरमन कानडी बोलतो, चंदगडकडून आलेला मुलगा मराठी बोलतो, ड्रॉइंगवरची अक्षरे इंग्रजी असतात आणि सूचना मशीनच्या आवाजात दिली जाते. मुलगा मान हलवतो, कारण पुन्हा विचारायला लाजतो. त्याला "मठ्ठ" म्हणून काढणे सोपे आहे. खाडे करणाऱ्यांचेही तसेच. मच्छे, पिरनवाडी, येळ्ळूर या बाजूचा कामगार भाताच्या लावणीला आणि सुगीला चार दिवस येणार नाही, हे मालकाला पंचांगाइतके ठाऊक असले पाहिजे. ज्याने ते धरून ऑर्डरची तारीख दिली नाही, त्याने हजेरीपत्रकावर चिडण्यात अर्थ नाही. सुगी नसताना दर सोमवारी जो येत नाही, त्याची गोष्ट निराळी. त्याला समोर बसवून, काय सुधारायचे आणि किती दिवसांत, हे स्पष्ट सांगावे, तारीख वहीत लिहावी, आणि त्या तारखेला खरोखर पाहावे. मुदत देऊन ती विसरणारे मालक मी सर्वांत जास्त पाहिले आहेत. मग तोच माणूस सहा महिन्यांनी भलत्याच कारणावरून एका दुपारी बाहेर पडतो, आणि आपण नेमके कशासाठी गेलो हे त्याला जन्मभर कळत नाही.

याच्या उलट, ज्याला काढायला हवे आणि ज्याला मालक काढत नाहीत, असाही माणूस असतो. तो बहुधा कामात पटाईत असतो. एका कारखान्यात असा एक होता. सीएनसीवर त्याच्याइतके उत्पादन कोणाचे नव्हते, पण हाताखालच्या मुलांना आईवरून शिवी दिल्याशिवाय त्याचे पान हलत नसे. वर्षात तीन हेल्पर काम सोडून गेले. मालक म्हणत, "पोरं टिकत नाहीत हल्ली." पगारपत्रकावर पाहिले तर तिघेही त्याच मशीनवरचे होते. सहा माणसांच्या कारखान्यात एक माणूस म्हणजे सहावा हिस्सा. त्याच्या पायी उरलेल्या पाचांपैकी दोघे मन लावून काम करीत नसतील तर निम्मा कारखाना बसला. दोनदा समज देऊन फरक पडला नाही, तेव्हा मालकाने त्याला कमी केले. दोन महिने उत्पादन घटले, हे लपवण्याचे कारण नाही. माझ्या मते तरी तो निर्णय एक वर्ष उशिरा झाला, आणि त्या वर्षाची किंमत मालकाने न देता तीन गरीब पोरांनी दिली. मालकाच्या भिडेला आपण दयाळूपणा म्हणतो, तेव्हा ही पोरे आपल्या डोळ्यांसमोर नसतात.

सर्वांत अवघड प्रसंग तिसरा. माणूस चांगला आहे, चुकलेला नाही, पण त्याचे कामच संपले आहे. कापडाच्या एका जुन्या पेढीवर दिवाणजी होते. लाल कापडी बांधणीच्या वह्या, मोत्यांसारखे अक्षर, उधारी तोंडपाठ. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि विवरणपत्रे संगणकावरून भरणे भाग पडले. ते काम बाहेर गेले. दिवाणजी मात्र रोज दहाला येत आणि कोणी न वाचणारी वही लिहीत. मालक त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेले, काका म्हणत. सांगणार कसे? अशी तीन वर्षे गेली. या काळात दुकानातील पोरे त्यांना पाणी आणायला सांगू लागली होती.

पुढे मालकाला पैशांची चणचण भासली, तेव्हा त्यांच्या एका स्नेह्याने सल्ला दिला की, हिशेबात चूक दाखवा आणि राजीनामा लिहून घ्या. हा सल्ला का दिला जातो ते समजण्यासाठी कायदा थोडा पाहावा लागेल. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ठरले की, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा. सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले की वर्ष सलग मानले जाते. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने हे तत्त्व ठेवले, आणि आणखी पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरण्याची भर घातली. कारकुनी काम करणाराही कामगारातच मोडतो. शिक्षा म्हणून काढलेल्याला मात्र ही भरपाई मिळत नाही. खोट्या चुकीचा मोह येथून निर्माण होतो.

दिवाणजींचा पगार अठरा हजार आणि सेवा बावीस वर्षे सात महिने, म्हणजे तेवीस वर्षे. ढोबळमानाने नऊ हजार गुणिले तेवीस, दोन लाख सात हजार. नोटिशीचे अठरा हजार धरून सव्वादोन लाख. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी ग्रॅच्युइटी वेगळी. आणि एकदा ती लागू झाली की पुढे माणसे दहाच्या खाली आली तरी सुटत नाही. आकडा ऐकून मालक बराच वेळ बोलले नाहीत. मी एवढेच म्हणालो की, बावीस वर्षे ज्यांच्या हातात तिजोरीची किल्ली दिली, त्यांना साठीच्या उंबरठ्यावर गावात चोर ठरवून पाठवायचे का, ते तुम्ही पाहा. पैसे तीन हप्त्यांत दिले गेले. दिवाणजींनी ते हप्ते आपणहून मान्य केले.

खरी लबाडी झाली असेल तरीही घाई उपयोगाची नाही. काय केले ते लिहून द्यावे, त्याचे म्हणणे ऐकावे, चौकशीचे कागद ठेवावेत. कर्नाटकच्या १९६१ च्या दुकाने व वाणिज्य संस्था कायद्यात सहा महिने सलग नोकरी झालेल्याला वाजवी कारणाशिवाय आणि महिन्याच्या नोटिशीशिवाय काढू नये असे घातले. नोटीस टाळायची तर गैरवर्तन चौकशीत पुराव्याने सिद्ध झालेले असावे लागते. गल्ल्यातील पाचशे रुपये कमी भरले आणि रात्री दुकान बंद करताना पोराला हाकलले, याला चौकशी म्हणत नाहीत. पैसे दुसऱ्या दिवशी पाटाखाली सापडल्याचे प्रसंग आपणां सर्वांच्या ऐकिवात आहेत.

निर्णय झाल्यावर तो सांगावयाचा कोणी? मालकाने, स्वतः, आतल्या खोलीत. फोरमनकरवी निरोप पाठवू नये आणि पगाराच्या दिवशी रांगेत तर मुळीच सांगू नये. काढलेल्या माणसाचे राहिलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करावे, असा २०१९ च्या वेतन संहितेचा दंडक आहे. उचल वळती करायची असेल तर हिशेब त्याला दाखवून करावी. आणि दाखला द्यावा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या मशीनवर काम केले, एवढे दोन ओळींत लिहिले तरी पुरते. उद्यमबाग काही मोठी नाही. दुसऱ्या कारखान्याचा मालक संध्याकाळी फोन करून विचारणारच, आणि त्या वेळी जे सांगायचे ते त्या माणसाच्या तोंडावर आधी सांगितलेले असले म्हणजे झाले.