मराठीतून शिकलेलं इंग्रजी

गिरगावातल्या वाड्यांपासून परळ-लालबागच्या चाळींपर्यंत इंग्रजी व्याकरण पोचलं ते मराठीतून. नियम आधी मराठीत समजून घ्यायचा, मग काही वाक्यं इंग्रजीतून मराठीत करायची आणि काही मराठीतून इंग्रजीत. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग ज्यांच्या घरात होते, त्यांना ही रीत वेगळी सांगायला नको. पुढे ती जुनाट ठरली. भाषांतर करून कधी भाषा येते का, असं आम्हा शिक्षकांनाही ऐकवलं गेलं. माझी सगळी नोकरी लालबागच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. त्या रीतीवर आपण अन्याय केला, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात 1832 सालची. 6 जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं. त्याच्या पानावर एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे, म्हणजे एक भाषा येणाऱ्याला दुसरी आपोआप समोर दिसे. त्याच वर्षी जॉन विल्सन यांनी गिरगावात आंब्रोळीला इंग्रजी शाळा काढली. चार वर्षांनी, 1836 साली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण छापून आलं. त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती, आणि त्याबद्दल दादोबांवर टीकाही झाली. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला मात्र त्या मांडणीचा फायदा झाला. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण हे कप्पे त्याने मराठीच्या तासाला ओळखलेले असत. इंग्रजीच्या तासाला फक्त त्यांची नावं बदलत.

या रीतीने इंग्रजी शिकलेल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत, हे फारसं सांगितलं जात नाही. वडील रामजी सुभेदार यांनी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि द्वारकानाथ तर्खडकरांच्या पाठमाला घोटून घेतल्या. परळच्या डबक चाळीतली ती एकच खोली, तीत सगळं कुटुंब. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवत आणि स्वतः आडवे होत. नवं पुस्तक हवं झालं आणि घरात पैसा नसला की ते लग्न झालेल्या लेकींकडून उसने घेत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण टाकत. 1907 साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. पुढे त्यांनी कोलंबियात आणि लंडनमध्ये प्रबंध लिहिले ते ज्या इंग्रजीत, तिचा पाया शब्दाला शब्द, वाक्याला वाक्य ताडून बघण्याच्या या कष्टात होता.

हे ताडून बघणं का लागतं, ते वर्गात उभं राहिल्यावर कळतं. मराठी मुलाच्या चुका वाटेल तशा होत नाहीत. त्या त्याच्या भाषेतून येतात आणि ठरलेल्या जागी येतात. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ यांत आपल्याला फरक दिसत नाही, म्हणून मूल दोन्हीकडे ‘सिन्स’ घालतं. एक काळाचा बिंदू आहे आणि दुसरी काळाची लांबी, हे मराठीत सांगितलं तर पाच मिनिटांत उमगतं. इंग्रजीतून सांगितलं तर वर्ष जातं. ‘अ’ आणि ‘द’चंही तसंच. मराठीत उपपदं नाहीत, पण ओळख आणि अनोळख आपणही दाखवतोच. ‘कुणी एक माणूस आला होता’ म्हटलं की ‘अ’, आणि ‘तो माणूस परत आला’ म्हटलं की ‘द’.

सगळ्यांत अवघड जागा प्रयोगाची. ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली’ यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं, म्हणून मराठीच्या तासाला हा कर्मणी प्रयोग. हुशार मूल तेच इंग्रजीत नेतं आणि ‘द मँगो वॉज ईटन बाय मी’ लिहितं. त्याचं मराठी व्याकरण पक्कं आहे म्हणूनच त्याचं इंग्रजी चुकलं. ज्या शिक्षकाला दोन्ही व्याकरणं येतात त्यालाच हे दिसतं. ज्याला दिसत नाही तो लाल रेघ मारून पुढे जातो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने इंग्रजी आठवीपासून सुरू केली. आठवी ते अकरावी अशी चारच वर्षं हाताशी राहिली. तरी तेव्हाची गिरगाव-दादरची मॅट्रिक झालेली माणसं बिनचूक अर्ज लिहीत, रेल्वेत आणि पोर्ट ट्रस्टमध्ये खातेवह्या आणि पत्रव्यवहार सांभाळत. घरात मुंबईच्याच कूपर कंपनीने काढलेलं रेन आणि मार्टिनचं व्याकरण असे. (यातले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी लिहिणारे, इथल्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले गृहस्थ.) त्या पिढीची उणीव मी लपवणार नाही. लिहिता येई, पण साहेबापुढे तोंड उघडत नसे. पाठमालेतली वाक्यं कागदावर सोडवायची होती, ती कुणाशी बोलायची नव्हती. ही उणीव खरी होती आणि तिने अनेकांच्या बढत्या अडवल्या.

गिरणगावात शाळा रात्रीही भरे. ना. म. जोशी यांनी 1911 साली स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालवले आणि पुढे रात्रशाळांची परंपरा या भागात रुजली. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी बाकावर बसून क्रियापदांचे काळ चालवत असे. पाळी बदलली की वर्ग बुडे. अशा विद्यार्थ्याला मराठीतून समजावण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता आणि त्यात कुणाला कमीपणाही वाटत नव्हता.

तो कमीपणा गिरणी कामगारांच्या संपानंतर आला. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप संपला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. गिरण्या मात्र गेल्या आणि त्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. गिरणीत इंग्रजीवाचून अडत नव्हतं, मॉलच्या काउंटरवर अडू लागलं. घराघरांत इंग्रजी बोलायला शिकवणारं ‘रॅपिडेक्स’ आलं, जिन्याखाली स्पोकन इंग्लिशचे क्लास निघाले. ज्यांना परवडलं त्यांनी धाकट्याला इंग्रजी माध्यमात घातलं. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. निर्णयामागचा हेतू चांगला होता. गिरणी कामगाराच्या नातवाला मागे ठेवू नये, हीच इच्छा होती.

पण नवीन पद्धतीत गाणी, संवाद, चित्रं आली आणि व्याकरण मागे सरलं. तोंड उघडलं याचा मला मनापासून आनंद आहे. आताची मुलं परक्या माणसाशी दोन वाक्यं धीटपणे बोलतात, जे त्यांच्या आजोबांना जमलं नाही. मात्र नववीत पोचल्यावर तीच मुलं ‘आय डिड नॉट वेंट’ म्हणतात, आणि ‘डिड’मध्ये भूतकाळ येऊन गेल्यामुळे पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं, हे त्यांना कुणीच त्यांच्या भाषेत सांगितलेलं नसतं. बोलण्याचा सराव आणि मराठीतून समजावलेला नियम एकाच तासात बसतात. मी अखेरची काही वर्षं तसंच शिकवलं. आधी दोघा-दोघांना आपसात बोलायला लावायचं, मग चुकलेली वाक्यं फळ्यावर घेऊन शेजारी त्यांची मराठी लिहायची, आणि दोन्ही भाषा कुठे वेगळ्या होतात ते मुलांनाच शोधायला सांगायचं. चूक कुणाची हा प्रश्नच मग राहत नसे, आणि मागच्या बाकावरची मुलंही हात वर करत.